उलटं बटण

आर्ब्रोथमधल्या या घरात, जिन्याखालच्या बोळात,
एकतीस वर्षं दिवा वर दाबून लागला.
बाकी सगळ्या गावात खाली दाबून लागतो.

तीनची मॅच होती, वॉटी, आणि तू
अडीचला बटण बसवायला घेतलंस.
टोपी घालता घालता म्हणालास, “उद्या फिरवतो.”
दोन स्क्रूंचं काम.
ते दोन स्क्रू परवापर्यंत कुणी सोडवले नाहीत.

पाहुणे भिंत चाचपडत राहिले.
मी तुला बोल लावले, मग शिकले,
मग शिकले होते हेच विसरले.
इतकं अंगवळणी पडलं
की बहिणीच्या घरी मीच अंधारात उभी राहायचे.

गेल्या महिन्यात मासळीचा वास यायला लागला.
आठवडाभर वाटलं, खालच्या धुरीघरातून येतोय,
हॅडॉकच्या जोड्या टांगल्या असतील.
पण रविवारी धुरीघर बंद असतं.
प्लेटीच्या कडेला तपकिरी डाग होता,
दाबलं की आत तडतड.

व्हारी फोनवर म्हणाली, आई, माणूस बोलव.
माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात, गुरुवारी.
बावीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
इंजिन बंद केल्याशिवाय बॉनेटमध्ये हात घालायचा नाही,
एवढं मला कळतं.

दुकानात भिंतभर बटणं.
एक काचेचं, नुसतं बोट लावायचं.
एक गोल फिरवून उजेड मंद करायचा.
एक म्हणे फोनवरून चालतं,
म्हणजे अंधारात आधी फोन शोधायचा!
मी पितळी घेतलं. जड होतं.
उगाच नाही, आयुष्यात एकदा.

फ्यूज खाली पाडला.
डब्यावर चिठ्ठी चिकटवली:
“हात लावू नये. इशबेल.”
घरात मी एकटीच. तरी चिकटवली.
टेस्टर आधी जिवंत सॉकेटवर लावून पाहिला,
मग बटणाच्या तारांवर,
मग पुन्हा सॉकेटवर,
कारण मेलेला टेस्टरही
तार मेली आहे असंच सांगतो.

प्लेट ओढली.
मागच्या बाजूला “वर” असं कोरलेलं,
खाली डोकं करून.
हसू आलं मला, तिथेच, स्टुलावर.

आत दोनच तारा, एक लाल, एक काळी.
हिरवी-पिवळी नाहीच.
म्हणजे भिंतीला अर्थिंग नाही,
म्हणजे पितळेला हात लावायचा
तो जिवावर उदार होऊन.
पितळी परत केलं. पावती होती.
पांढरं प्लास्टिक आणलं, सगळ्यांत स्वस्त.

पण ती काळी तार, वॉटी.
बटणातून परत जाणारी काळी तार
दिवा लागला की लालइतकीच जिवंत असते,
आणि दिसते मात्र निरुपद्रवी.
तिच्या टोकाला तू लाल टेपचा
एक तुकडा गुंडाळला होतास,
दोन वेढे, कात्रीने नीट कापलेला.
मॅचची घाई असूनसुद्धा.
पुढे कधीतरी कुणीतरी उघडेल म्हणून.

टेप सुकून सुटत होता.
मी नवा लावला. जुना टाकला नाही,
कुठे ठेवला ते सांगत नाही.

करपलेलं टोक कापून तांबं नव्याने सोललं,
दोन्ही तारा घट्ट केल्या, एकेक ओढून पाहिली.
स्क्रू बेताने आवळले, नाही तर प्लेट तडकते.
“वर” वर ठेवलं.
फ्यूज चढवला. खाली दाबलं. लागला.
शेजारचा तरुण हेक्टर येऊन
पहिल्याच झटक्यात दिवा लावून गेला.
त्याला कळलंही नाही काही झालंय.

काल रात्री पाणी प्यायला उतरले.
हात वर गेला.
अंधार.
पुन्हा वर. अंधार.
पायाखाली फरशी गार होती,
आणि मी तशीच उभी राहिले थोडा वेळ,
मग भिंतीलाच म्हणाले,
बरं बाबा,
उद्या फिरवते.